चारा आणि मुक्काम

नोव्हेंबर सरत आला की लोणावळ्याच्या आसपासच्या पठारांवरचं गवत वाळून सोनेरी होतं आणि वाऱ्याच्या दिशेला झुकून राहतं. अशाच एका सकाळी, गवतावरचं दव वाळायच्या आत, मी विजेच्या तारेवर ओळीनं बसलेले पक्षी मोजत होतो. सव्वीस भरले. दुरून कुणालाही ते पारवे वाटले असते. आकारानं ते पारव्याहून थोडे लहानच, पण बसण्याची ढब वेगळी होती. पारवा तारेवर सांडल्यासारखा बसतो. हे ताठ बसले होते, माना खांद्यांत घेतलेल्या, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे.

नर पाटीच्या दगडासारखा गडद करडा. मांड्या आणि शेपटीखालचा भाग विटकरी, पाय शेंदरी, डोळ्याभोवतीचं कडंही शेंदरी. एवढ्या गंभीर कपड्यांवर हा शेंदरी रंग कुणी सणासुदीला लावून दिल्यासारखा दिसतो. तो उडाला की पंखाखालून एकदम पांढरा फटकारा निघतो, आणि ओळख पटवायला तेवढा पुरतो. मादी पाहिली तर निराळ्याच जातीची वाटावी. वरून करडी, पोटाकडून मलईसारखी पांढरट, त्यावर काळ्या रेघा नि ठिपके, डोळ्याखाली काळी मिशी. वजन म्हणाल तर दीडशे ग्रॅमच्या आसपास, नर त्याहून हलका. बाजारात दीडशे ग्रॅमची भाजी कुणी मागत नाही. निदान पाव किलो तरी घेतो.

हा अमूर ससाणा.

फलटणकडचा मेंढपाळांचा एक वाडा आदल्या संध्याकाळी पठाराखालच्या शेतात उतरला होता. दसरा झाला की ही मंडळी निघतात, मजल दरमजल करत घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या आधी माघारी फिरतात. वाटेत शेतकऱ्याच्या रानात रात्री मेंढरं बसवायची, लेंडीखत पडतं, त्याच्या बदल्यात धान्य मिळतं. त्या वाड्यातले एक म्हातारे आबा काठी टेकत वर आले आणि माझ्याशेजारी उभे राहिले.

"काय बघताय पावणं, तारेला?"

मी दुर्बीण त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांना लावली, काढली, पुन्हा लावली.

"शिक्रा हाय जणू. पर शिक्रा असा घोळक्यानं बसत न्हाई."

"शिक्रा नाही आबा, ससाणा आहे. लांबून आलाय. पार चीनच्या पलीकडून."

"आन् निघालाय कुठं?"

"आफ्रिकेत. समुद्र ओलांडून."

आबांनी पश्चिमेकडे पाहिलं. तिथे पठाराची कड संपून कोकणावरचं धुकं सुरू होत होतं.

"वाटंत मुक्काम कुठं करतुया?"

"समुद्रात कुठला मुक्काम, आबा?"

"मंग चारा?"

या पक्ष्याबद्दल मला आजवर पुष्कळांनी पुष्कळ विचारलं आहे. किती वेगानं जातो, किती उंचावरून जातो, वाट कशी सापडते. हे दोन प्रश्न मात्र आधी कुणी विचारले नव्हते, आणि आता वाटतं की या पक्ष्याचं सगळं आयुष्य याच दोन प्रश्नांची उत्तरं काढण्यात जातं. त्या सकाळी मला आबांना नीट उत्तर देता आलं नाही. ते आता देऊन पाहतो.

सुरुवात अमूर नदीपासून करायला हवी. ती रशिया आणि चीन यांच्या सरहद्दीवरून वाहते. चिनी लोक तिला काळ्या ड्रॅगनची नदी म्हणतात. तिच्या खोऱ्यात, पूर्व सैबेरियाच्या दक्षिणेला, मंगोलियाच्या कडेनं, ईशान्य चीनपासून उत्तर कोरियापर्यंत हा पक्षी वीण घालतो. गुस्ताव राडं नावाचा जर्मन निसर्ग-संशोधक त्या मुलखात हिंडला आणि त्यानं १८६३ साली या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिलं. पुढे कित्येक वर्षं त्याला युरोपाकडच्या लाल पायांच्या ससाण्याचाच एक प्रकार धरत. आज तो वेगळी जात म्हणून गणला जातो.

त्या मुलखात भूर्जाची विरळ रानं, मधूनमधून पाणथळ, आणि लांबच लांब कुरणं. तिथे हा ससाणा मे महिन्यात पोचतो तेव्हा इतर पक्ष्यांचे संसार मांडून झालेले असतात. त्याची घाई नाही. घरटं त्याला बांधायचंच नसतं. खऱ्या ससाण्यांत कुणीच घरटं बांधत नाही. शाही ससाणा कड्याच्या कपारीत अंडी घालतो, खरुची पडक्या भिंतीच्या भोकातही घालते. अमूर ससाणा मॅगपायचं किंवा कावळ्याचं सोडलेलं घरटं शोधतो. मॅगपाय म्हणजे आपल्याकडच्या टकाचोराचा भाऊबंद, काटक्यांचं भक्कम घर बांधणारा. त्या घरात मादी तीन-चार अंडी घालते. महिनाभर उबवणं, आणखी महिनाभर भरवणं. पिल्लं मोठी होतात तो काळ उत्तरेच्या उन्हाळ्याचा ऐन भर असतो. कुरणात नाकतोडे उड्या मारत असतात, पाण्यावर चतुर घिरट्या घालत असतात. त्याला घर मिळो कुणाचंही. चारा आपल्या वेळेवर मिळाला पाहिजे, एवढीच त्याची अट.

ससाणा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बादशहाच्या हातमोज्यावर बसलेला, डोळ्यांवर चामड्याची टोपी घातलेला रुबाबदार पक्षी येतो. एकटा, कडवा, आकाशातून दगडासारखा कोसळून कबुतर मारणारा. अमूर ससाण्याच्या अंगात यातलं फारसं काही नाही. त्याची नखं टोकदार आहेत, चोचीला ससाण्याचा तो दात आहे, पण आयुष्यभर तो मुख्यतः किडे खातो. किडा पायानं हवेतल्या हवेत पकडायचा, पाय पुढे घ्यायचा, मान खाली घालून उडता उडताच खायचा, पंख तेवढे तोडून टाकायचे. कधी खरुचीसारखा एका जागी पंख फडफडवत हवेत थांबतो आणि खालच्या गवतात पाहतो. पिल्लं असताना एखादा उंदीर, बेडूक, लहान पक्षी नेतो, एवढंच. आणि त्याला सोबत लागते. खायला, झोपायला, प्रवासाला. शिकारी पक्ष्यांत असा गोतावळ्याचा जीव दुर्मीळ. जनुकांच्या अभ्यासातून अलीकडे कळलं की ससाणे हे घारी-गरुडांपेक्षा पोपटांचे जवळचे नातेवाईक आहेत. झोपायच्या झाडावर संध्याकाळी या पक्ष्यांची चाललेली दाटी आणि किलकिल पाहिली की ते पटायला जड जात नाही.

सप्टेंबरात अमूरच्या काठी पहिली थंडी पडते. थंडीत किडा मरतो किंवा दडतो. ससाणा निघतो.

त्याच्या आयुष्यात हिवाळा नाही. उत्तरेचा उन्हाळा संपला की दक्षिणेचा उन्हाळा गाठायला तो निघतो आणि तो संपला की परत येतो. वर्षाचे दोन्ही उन्हाळे त्याचे. त्यासाठी तो जाऊन-येऊन वीस हजार किलोमीटरांहून जास्त उडतो.

चीन ओलांडून तो ऑक्टोबरच्या मध्यावर ईशान्य भारतात उतरतो. नागालँड, मणिपूर, आसाम, मेघालय. इथे त्याचा वाटेतला सगळ्यांत मोठा मुक्काम. पाऊस सरत आलेला असतो, माती अजून ओली असते, आणि त्या मातीतून पंख फुटलेली वाळवी लाखोंनी बाहेर पडते. आपल्याकडे वळवाच्या पावसानंतर दिव्याभोवती जमते आणि सकाळी अंगणात तिच्या पंखांचा खच पडतो, तीच ही. वाळवीचं अंग म्हणजे निव्वळ चरबी आणि ती हवेत उडत समोर येते. ससाणे दोन-चार आठवडे खात राहतात, अंगावर चरबी चढवतात. पुढच्या वाटेची शिदोरी ती हीच.

नागालँडच्या वोखा जिल्ह्यात दोयांग नदीवर ७५ मेगावॅटचं धरण आहे. या शतकाच्या आरंभी ते चालू झालं. जलाशय झाला, त्यात नदीकाठची शेतं गेली. जलाशयाच्या कडेच्या रानात अमूर ससाणे रात्रीच्या वस्तीला येऊ लागले, एवढ्या संख्येनं की संध्याकाळी आभाळ दिसेनासं व्हावं. जगात एका जागी एवढे शिकारी पक्षी क्वचितच कुठे जमत असतील. पांगती हे तिथलं लोथा नागांचं गाव. शेतं बुडाल्यावर लोक मासेमारीकडे वळले होते. मासे धरायची जाळी घरात होतीच. ती उंच झाडांमध्ये ताणून बांधली की पहाटे आणि संध्याकाळी ससाण्यांचे थवे त्यात अडकत.

ऑक्टोबर २०१२ मध्ये बानो हरालू, शशांक दळवी, रामकी श्रीनिवासन आणि रोकोहेबी कुओत्सू हे चौघं तिथे गेले आणि जे पाहिलं ते त्यांनी चित्रित केलं. जाळ्यांत लटकलेले पक्षी. मच्छरदाण्यांत जिवंत कोंबून ठेवलेले पक्षी. पिसं उपटून धुरावर वाळवायला लावलेले पक्षी. भर हंगामात रोज बारा ते चौदा हजार, आणि त्या एका हंगामात एक लाख वीस हजार ते एक लाख चाळीस हजार, असा त्यांचा अंदाज होता. मी ती चित्रफीत एकदाच पाहिली आहे. त्यातले मच्छरदाणीतले पक्षी मला विसरता येत नाहीत, कारण ते धडपडत नव्हते. एकमेकांना चिकटून बसले होते. झोपायच्या फांदीवर बसतात तसेच.

इथे गावाला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. ज्याची खाचरं पाण्याखाली गेली त्याच्या डोक्यावरून वर्षातून एकदा लाखोंनी मांस उडत येतं आणि बाजारात त्याला पैसा मिळतो. ते पक्षी कुठून आले नि कुठे चालले हे त्याला कुणी कधी सांगितलेलं नसतं. पांगतीला जे पुढच्या वर्षी घडलं ते मात्र मी अनेकदा, अनेकांना सांगितलं आहे. बानो हरालू मूळच्या पत्रकार. त्यांच्या संस्थेनं गावागावांत मुलांची मंडळं काढली. ग्रामसभेनं बंदीचा ठराव केला, चर्चनं उपदेशातून विषय काढला, वनखात्यानं पहारा ठेवला. २०१३ च्या हंगामात दोयांगला एकही जाळं लागलं नाही. एका वर्षात. पुढे वस्तीच्या रानाचे मालक असलेल्या गावकऱ्यांनीच राखणीसाठी संघटना उभी केली. जाळी बांधायला जे हात चढले होते तेच हात आता पाहुण्यांना वाट दाखवतात.

त्याच नोव्हेंबरात, २०१३ साली, भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हंगेरीच्या तज्ज्ञांच्या मदतीनं तीन पक्ष्यांच्या पाठीवर पाच ग्रॅमची यंत्रं बसवली. उन्हावर चालणारी, उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारी. नराचं नाव ठेवलं नागा, माद्यांची नावं वोखा आणि पांगती. गावाचं नाव घेऊन पक्षी उडाला याचा त्या गावाच्या मनावर काय परिणाम झाला असेल, हे मोजायचं यंत्र नाही. पण पुढच्या वर्षी 'आमची पांगती कुठवर आली' असं विचारणारी माणसं तिथे होती. नागा आणि पांगती आफ्रिकेच्या दक्षिणेपर्यंत गेले, तिथून मायदेशी जाऊन पुन्हा नागालँडात उतरले. नागाच्या यंत्रानं तर तज्ज्ञांनाही थक्क केलं. नागालँड सोडल्यावर तो साडेपाच हजार किलोमीटरांच्या आसपास अंतर पाच-साडेपाच दिवसांत, न थांबता उडाला. बांगलादेशावरून, भारताच्या द्वीपकल्पावरून, थेट अरबी समुद्रावर.

म्हणजे बहुतेक अमूर ससाणे महाराष्ट्रात थांबतच नाहीत. रात्री आपण झोपलेलो असतो आणि ते वरून जात असतात. काही थवे मात्र उतरतात. वारा फिरला, चरबी कमी पडली किंवा खाली चारा दिसला तर एखाद-दोन दिवस सह्याद्रीच्या माथ्यावर थांबतात. लोणावळ्याची पठारं ही त्यातली एक जागा. नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या आरंभापर्यंत तारेवर, वाळक्या फांदीवर, गवतावर घिरट्या घालताना ते दिसतात. पश्चिमेला कडा तुटतो, खाली कोकणची पट्टी आणि तिच्यापुढे समुद्र. वाटेतलं हे शेवटचं रान. घाट उतरायच्या आधी मेंढपाळ जसा माथ्यावर एक-दोन दिवस मेंढरं चारून घेतो, तसं.

यापुढे अडीच-तीन हजार किलोमीटर पाणी. गरुड आणि गिधाडं या वाटेला जात नाहीत. त्यांचं उडणं जमिनीवरून उठणाऱ्या ऊन हवेच्या झोतांवर तरंगत जाण्याचं असतं, आणि समुद्रावर तसे झोत उठत नाहीत. अमूर ससाण्याचा पंख अरुंद, टोकदार. त्याला तो सतत मारत राहता येतो. तरीही दीडशे ग्रॅमच्या जिवाला नुसत्या पंखांवर हा समुद्र ओलांडता आला नसता. त्याला पाठीवर वारा लागतो. नोव्हेंबरात ईशान्येचा वारा सुरू होतो, जमिनीकडून समुद्राकडे, भारताकडून आफ्रिकेकडे. याच वाऱ्यावर शिडं सोडून शेकडो वर्षं आपल्या चौल-दाभोळच्या बंदरांतून गलबतं निघत आणि उलट्या वाऱ्यावर परत येत. नाखव्याला वाऱ्याची तिथी पाळावी लागे. ससाण्यालाही लागते. आठवडाभर उशीर म्हणजे वाळवी संपलेली, चुकीचा वारा म्हणजे समुद्रात शेवट.

राहिला चारा. आबांचा दुसरा प्रश्न.

दसऱ्याच्या सुमाराला शेताच्या बांधावर, माळावर, क्रिकेटच्या मैदानावरही संध्याकाळी पिवळट चतुरांचे थवे तरंगताना तुम्ही पाहिले असतील. लहानपणी आम्ही त्यांच्या शेपटीला दोरा बांधत असू. आज त्याचं वाईट वाटतं. चतुरांतली ही एक भटकी जात आहे. पावसाळ्यात साचलेल्या डबक्यांत तिची वीण होते, डबकी आटू लागली की ती उठते आणि वाऱ्याबरोबर निघते. चार्ल्स अँडरसन नावाचे सागरी जीवांचे अभ्यासक मालदीवमध्ये राहत. दर वर्षी ऑक्टोबरपासून तिथे लाखोंनी चतुर येतात हे ते पाहत आले होते. मालदीवच्या बेटांवर गोडं पाणी जवळपास नाही, म्हणजे चतुरांची वीण तिथे होऊ शकत नाही. मग हे येतात कुठून आणि जातात कुठे? वर्षानुवर्षं नोंदी ठेवून त्यांनी २००९ साली मांडणी केली की हे चतुर भारतातून निघून मालदीवमार्गे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला जातात. उंचावरच्या त्याच ईशान्य वाऱ्यावर. आणि त्याच दिवसांत, त्याच वाऱ्यावर, त्याच दिशेनं काही पक्षीही समुद्र ओलांडतात. त्यात किडे खाणारे कोकीळ-कुळातले पक्षी आहेत, वेडे राघू आहेत आणि अमूर ससाणा आहे. वाटेत ते चतुर खात जात असावेत, असा अँडरसन यांचा तर्क.

रात्रीच्या काळ्या समुद्रावर हजार मीटरांच्या उंचीवर काय चालतं ते अर्थातच कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण मला ते दिसतं. खाली पाणी, वर चांदण्या, मधल्या वाऱ्यात दीडशे ग्रॅमचा पक्षी आणि त्याच वाऱ्यात, त्याच्या पुढेमागे, ग्रॅमभरही न भरणारे चतुर.

सोमालियाच्या किनाऱ्याला लागल्यावर वाटेतली मोठी जोखीम संपते. पुढे केनिया, टांझानिया, मोझांबिक करत पाऊस जसजसा दक्षिणेकडे सरकतो तसा तोही सरकतो आणि डिसेंबर-जानेवारीला दक्षिण आफ्रिका, बोत्स्वाना, झिंबाब्वेच्या कुरणांवर पोचतो. तिथला पावसाळा, तिथली वाळवी, तिथले टोळ. रात्री गावांतल्या उंच निलगिरीच्या झाडांवर हजारोंनी वस्ती, तीही खरुचीच्या एका जातीबरोबर. क्वाझुलू-नाताल प्रांतात कधी रात्री गारपीट होते आणि सकाळी झाडाखाली शेकडो पक्षी मरून पडलेले असतात. एकत्र राहण्याची किंमत त्याला सगळीकडेच मोजावी लागते. मार्चपर्यंत तो तिथे असतो. शेतकऱ्याच्या रानातला टोळ आणि वाळवी खाणं हे त्याचं काम, आणि मेंढरं बसवल्यावर खत ठेवून जावं तसं तेही त्या रानाला काही देऊन जाणंच आहे.

परतीला तो घाईत असतो. एप्रिल-मे मध्ये, वारा फिरून नैर्ऋत्येचा व्हायला लागला की पुन्हा समुद्र, पुन्हा आपल्या डोक्यावरून. मे महिन्यात तो क्वचित दिसतो. मला एकदाच दिसला, वळवाच्या ढगापुढून पळत जाणारा एकटा नर, पंखांखालचा पांढरा फटकारा ढगाच्या काळ्यावर दोनदा लखलखला आणि गेला.

पक्ष्यांच्या जागतिक यादीत या जातीला तूर्त धोका नाही असं नोंदलं आहे. संख्या पाहिली तर ते खरं आहे. पण पांगतीच्या त्या हंगामानं मला एक शिकवलं की अशा पक्ष्याची संख्या मोजणं पुरत नाही. जवळपास सगळी जात वर्षातल्या काही आठवड्यांत मोजक्या दऱ्यांतून जाते. पुढचा मुक्काम नीट असून भागत नाही, मागचाही लागतो. नागालँडची वाळवी हातची गेली तर आफ्रिकेतल्या टोळांचा त्याला उपयोग नाही. तो तिथवर पोचणारच नाही. लोणावळ्याच्या ज्या पठारावर मी उभा होतो तिथे गवतात प्लॉटच्या हद्दीचे दगड रोवले होते, चुना मारलेले. दर वर्षी त्यांची रांग थोडी पुढे आलेली दिसते. तारा राहतील. गवत राहील की नाही, आणि गवताबरोबर नाकतोडा, सांगता येत नाही. जगाच्या नकाशात हे पठार मावतही नाही, आणि सगळे ससाणे इथे उतरतही नाहीत. ज्या वर्षी वारा फिरेल त्या वर्षी उतरायला इथे जागा असावी एवढंच माझं म्हणणं.

त्या दिवशी संध्याकाळी मी पुन्हा पठारावर गेलो. सूर्य कड्याखाली गेला तरी पश्चिमेला उजेड होता. सव्वीसचे तीसेक झाले होते. ते तारेवरून उठत, गवतावर खाली झेपावत, पुन्हा वर जात. पाय पुढे, मान खाली. पायातून काहीतरी पारदर्शक गिरक्या घेत खाली पडताना दिसायचं. अंधार पडल्यावर दिसेनासं झालं आणि मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तार रिकामी होती. वारा ईशान्येचा, चांगला वाहता. आबांच्या वाड्याचीही आवराआवर चालली होती. घोड्यावर बिऱ्हाड चढत होतं, कोकरं जाळीत घातली होती, कुत्री पुढे-मागे धावत होती. मेंढरं वाटेला लावून आबा एकटेच वर आले.

"गेली व्हय?"

"रात्रीच गेली असतील."

तारेखालच्या गवतात चतुरांचे पंख पडले होते. खूप. गवताच्या काड्यांत अडकलेले, दवानं चिकटलेले, ऊन लागलं की चमकणारे. मी आबांना दाखवले आणि अँडरसन यांची सगळी गोष्ट जमेल तशी सांगितली. डबकी आटली की हेही निघतात, याच वाऱ्यावर, त्याच बाजूला.

आबांनी एक पंख उचलून तळहातावर घेतला आणि उजेडात धरून पाहिला.

"मंग चारा संगंच चालतोय की त्येच्या," ते म्हणाले.

खालून कुणीतरी हाक मारली. आबांनी पंख पुन्हा गवतात ठेवला, काठी उचलली आणि मेंढरांमागे घाटाच्या वाटेला लागले.